पेवातला वारा

पौष शुद्ध २, शके १७८६, रक्ताक्षी संवत्सर. सकाळ.

आजपासून डायरी. अकोल्याला रेलच्या कामावर एक बाबू आहे, तो म्हणाला, मोठी माणसे रोज डायरी लिहितात. पहिल्या पानावर नाव-गाव घालावे, मेल्यावर लोकांना सोयीचे पडते. मेल्यावर हा शब्द त्याने उगीच काढला. तेव्हापासून छातीत डावीकडे काहीतरी आहे.

नाव नत्थुजी. जात माळी. वय पासष्ट, नाहीतर सदुसष्ट. मुक्काम पांढरखेड, बार्शीटाकळीपासून दोन कोस. शिक्षण पंतोजीकडे दीड पावसाळा. धंदा खाण्याचा.

खाण्याचा म्हणजे लोकांना खाऊ घालण्याचा. सगळे वऱ्हाड कापसामागे वेडे झाले आहे. तिकडे अमेरिकेत गोरे आपसात लढतात आणि इकडे आमचे लोक बैलांच्या शिंगांना चांदी बसवतात. मलाही कापसानेच श्रीमंत केले, नाही म्हणत नाही. पण माणूस जुन्या धोतरावर दोन वर्षे काढील, भाकरीवाचून दोन दिवस काढील का? जिकडेतिकडे कापसाची पऱ्हाटी लावल्यावर ज्वारी कोठून येणार? हा विचार अख्ख्या तालुक्यात फक्त मी केला.

या धंद्यात मी नवा नाही. तरुणपणी डोक्यावर वांग्यांची टोपली घेऊन बाजार केले. मग मिरची. मग कापसाच्या पैशावर तेलाचा घाणा घेतला, गुळाची कढई घेतली. कढई तिसऱ्या दिवशी करपली. माझी बायको रुख्मिणी म्हणते, तो गूळ पाहून मुंग्या बी रस्ता बदलून राह्यल्या. बायकांना धंदा कळत नाही. घाण्याचे तेल मात्र उत्तम आहे.

ठरवले: मिळेल तेवढी ज्वारी घ्यायची, टेकाडावरच्या दोन्ही पेवांत भरायची आणि भाव चढेपर्यंत तोंड उघडायचे नाही. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातली कोठी, तीन-चार पुरुष खोल, तोंड मात्र एक माणूस उतरेल एवढेच. बाबूला हे समजावून द्यावे लागले. त्याने बदल्यात इंग्रजी शब्द दिला. होल्ड. माल धरून बसणे म्हणजे होल्ड.

पेवे नऊ वर्षे रिकामी आहेत. कारण विशेष नाही.

डायरीत हवापाणी लिहायचे असते म्हणे. वारा: थोडा.

माघ शुद्ध ६.

पेवे भरली, म्हणजे मिळाली तेवढ्या ज्वारीने निम्मी. गावातले कोणी आले नाही. पंजाबरावाचा बैल आजारी, देवीदासची सासू आजारी. गावात एवढे दुखणे एकदम आले तर वैद्य बोलवावा. शेवटी रेलच्या कामावरचे परगावचे मजूर आणले.

आतून कडब्याचे अस्तर, त्यावर ज्वारी, आणि ज्वारी आधी आठ दिवस उन्हात वाळवायची, अशी रीत. मी दोन दिवसांत आटोपले. टेकाडावर उन्हात उभे राहणे माझ्या प्रकृतीला चालत नाही. ज्वारीवर थोडे दव होते. आत जाऊन वाळेल. जमिनीत उष्णता असते.

तोंडावर फरशी, फरशीवर शेणमाती. झाले.

दुपारी ओट्यावरून पाहिले तर फरशीजवळ एक माणूस उकिडवा बसलेला. डोक्याला दुपट्टा, पाठ माझ्याकडे. हाक मारली. वळला नाही. चष्मा करावा असे बाबू म्हणतो.

चंद्रभान असा बसायचा. चंद्रभान म्हणजे माझा सालदार, वर्षाच्या बोलीने राबणारा. नऊ वर्षांपूर्वी याच पेवात गेला. पिऊन होता. पाटलापुढे मी तसे सांगितले आहे, म्हणजे तसेच असणार.

माघ शुद्ध ७. दुपार.

तो आजही बसला आहे.

माघ वद्य १.

विचार केला. टेकाडावर कोणी बसत असेल तर त्यात माझे नुकसान काय? चोर येणार नाहीत. दुसरे व्यापारी राखणदाराला पगार देतात.

माघ वद्य ४.

जयवंता आली. चंद्रभानची बायको. ओट्यावर बसत नाही, अंगणात उभी राहते, म्हणजे मला खाली वाकून बोलावे लागते आणि मान अवघडते. म्हणाली, पेव भरलं म्हणतात मालक, मंग उघडाल बी. मी म्हणालो, उघडीन. म्हणाली, मले ज्वारी नको, पैसा नको. तोंड उघडाल तवा चार माणसांत उभं राहून सांगा का त्या दिशी दिवा इझला होता, अन् माह्या माणसानं घेतली नव्हती. तेवढं बोला, मंग गावातला कोणीबी माणूस तुमच्यासाठी उतरन.

नऊ वर्षांत तिसऱ्यांदा विचारते. मी म्हणालो, दिवा वाऱ्याने गेला होता. ती म्हणाली, बरं. आणि गेली. भांडली असती तर बरे झाले असते.

तिला नेमके काय पाहिजे तेच कळत नाही. चंद्रभान माळकरी होता हे मलाही माहीत आहे. पण माळकरी लोकही कधीकधी घेतात. मी ऐकले आहे.

वारा: मध्यम.

फाल्गुन शुद्ध ९. मुक्काम अमरावती.

बैलांच्या दमणीत बसून आलो. कंबर गेली.

कापसाच्या बाजारात पाय ठेवायला जागा नाही. ज्याच्या त्याच्या मिशीला तूप. माझा जुना दलाल खुशालराव, त्याने चार माणसांपुढे माझी पाठ थोपटली. म्हणाला, ज्वारी चढून राह्यली अन् हा माणूस हालत नाही, नत्थुजी, तुमचं काळीज दगडाचं हाये राजा! मले तं भाव हालला का धोतर सांभाळा लागते. मी नुसता हसलो आणि म्हणालो, होल्ड. दोघांनी शब्द पुन्हा म्हणून पाहिला.

खुशालरावाने विचारले, एवढा माल उघड्या टेकाडावर, राखायला कोण? मी म्हणालो, जुना माणूस आहे. विश्वासू. दिवसभर हलत नाही. म्हणाला, असा माणूस भेटणं नशीब लागते.

त्यानंतर जेवण गेले नाही. अमरावतीचे पाणी जड आहे.

फाल्गुन वद्य २.

देवघरातला दिवा विझला. खिडकी बंद होती.

फाल्गुन वद्य ३.

ओट्यावरचा दिवा विझला. मग स्वयंपाकघरातला. करडईचे तेल काढून तिळाचे घातले. विझला. जवसाचे घातले. धूर करून विझला. वाती बदलल्या. रुख्मिणी म्हणाली, दुसऱ्याच्या घाण्याचं तेल आणतो मी. मी असेपर्यंत या घरात दुसऱ्याचे तेल येणार नाही. तेलाच्या धंद्यात माणसाची पत दिव्यावर असते.

फाल्गुन वद्य ५.

रुख्मिणी म्हणते, तुमी खोलीतून गेले का दिवा चांगला जळते. तुमी आले का जाते. हिला मला छळायची सवय आहे. तरी खात्री करून घेतली. चार वेळा आत गेलो, चार वेळा बाहेर आलो.

याच्यावर अधिक लिहीत नाही. आजपासून संध्याकाळी ओट्याच्या टोकाला बसायचे. मोकळी हवा प्रकृतीला चांगली.

चैत्र शुद्ध १, शके १७८७, क्रोधन संवत्सर.

गुढी उभारली. रक्ताक्षी गेले, क्रोधन आले. संवत्सरांना नावे कोण ठेवतो? एखादे वर्ष साधे का नसते?

ज्वारी मी मनात धरलेल्या भावाला पोचली. बाबूचा निरोप आला की रेलच्या मजुरांना धान्य मिळत नाही, माल काढा. म्हणजे माझा अंदाज तंतोतंत खरा ठरला. लिहून ठेवतो: तंतोतंत.

ठरवले: चार दिवसांत पेव उघडायचे.

आता फक्त एक माणूस पाहिजे. उतरणारा.

आमच्याकडे एक अडाणी रीत आहे. बंद पेवात वाईट हवा साचते. तोंड उघडून दिवसभर ठेवायचे, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. जळत राहिला तर माणूस उतरतो, विझला तर उतरत नाही. इथपर्यंत ठीक. पण ती दोरी उतरणाऱ्याच्या घरच्या बाईनेच धरायची. बायको, आई, बहीण, कोणी असेल ती. मालकाने धरायची नाही. मालकाचा जीव ज्वारीत असतो म्हणे.

चैत्र शुद्ध ३.

पंजाबरावाकडे गेलो. म्हणाला, मी तं आत्ता उतरतो, पण बायकोले इचारा. त्याची बायको वच्छला भाकऱ्या थापत होती. मान वर न करता म्हणाली, दोरी धरीन नं काका, पण तुमच्या पेवात नाही. तुमच्या पेवात वारा लय सुटते म्हणतात.

घरात बसलेल्या चार बाया हसल्या. भाकरी करपली तरी हसत होत्या.

देवीदासकडे गेलो. त्याची आई शकुन म्हणाली, माह्या पोरानं आजवर दारू पेली नाही, तुमच्या पेवात मेला तं तुमी मागून पाजसान.

या बाईला मी दोन वर्षे मिरचीचे रोप फुकट दिले होते.

आणखी पाच घरे झाली. सगळे पुरुष तयार आहेत. एकही बाई तयार नाही.

चैत्र शुद्ध ४.

नीट विचार केल्यावर वाटते की भाव अजून चढेल. आता उघडणे म्हणजे अधीरपणा. होल्ड.

चैत्र वद्य ७.

भाव चढला. होल्ड.

चैत्र वद्य १०.

परगावचे तिघे मजूर पुन्हा आणले. त्यांना गावचे काही ठाऊक नाही, बायका रेलच्या तळावर. दुपटीने पैसे बोललो. सकाळी टेकाडावर पाठवले आणि मी ओट्यावर बसलो. तासाभराने कुदळी खांद्यावर टाकून तिघे परत. फरशीला हातही लावला नव्हता. विचारले तर म्हणाले, तुमचा तिथला म्हातारा बाबा नको म्हणाला. म्हणाला, घरची बाई दिवा धरायला आल्याशिवाय उतरू नका रे पोरांनो.

मी विचारले, कसा होता दिसायला? म्हणाले, डोक्याला दुपट्टा. कमरेला दोराचा वळ.

चंद्रभान म्हातारा नव्हता. चाळिशीचा होता. पण नऊ वर्षे झाली, त्यालाही वय झाले असेल.

हे वाक्य मी का लिहिले कळत नाही. खोडायला हवे.

रात्री नाही, भर दुपारी लिहितो आहे, तरी दार लावून घेतले आहे. वारा: नाही. म्हणजे थोडा. पाहिला नाही.

वैशाख शुद्ध १२.

मोठी बातमी. अमेरिकेतली लढाई संपली. मुंबईला कापूस कोसळला आणि अमरावतीला लोक रस्त्यात डोक्याला हात लावून बसले आहेत म्हणतात. मी हे आधीच सांगितले होते. निदान मनात.

खुशालराव दलाल पायी आला. अमरावतीहून. चपला नव्हत्या. ओट्यावर बसला आणि दोन तांबे पाणी प्याला. म्हणाला, तुमी शहाणे राजा. तुमची ज्वारी जमिनीत हाये, आमचा कापूस तं आभायात होता. मग इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाला, घरी खाले नाही. कणगीत होती त्यातली दोन पायल्या ज्वारी बांधून दिली. जाताना टेकाडाकडे पाहून हात जोडले त्याने. विचारले, कोणाला? तर म्हणाला, तो बसला हाये नं तुमचा माणूस, त्याले.

बरे वाटले की वाईट, सांगता येत नाही. चष्म्याची गरज नाही एवढे नक्की.

वैशाख शुद्ध १४.

बाबूशी कंत्राट केले. दोन्ही पेवे, मृगाच्या आत, गाड्या तो आणणार. सही मी मोडीत केली, त्याने इंग्रजीत. नाही दिला माल तर कंत्राट खानदेशच्या व्यापाऱ्याला जाईल. जाणार नाही. माझा शब्द म्हणजे शब्द.

माणूस कोठून आणायचा ते नंतर पाहू.

वैशाख वद्य ३.

रुख्मिणी पाण्याला जाताना टेकाडावरून आली. म्हणाली, जमीन पायाले गरम लागते. वास बी येते, आंबल्यासारखा. पेव तापून राह्यलं. मी म्हणालो, वैशाख आहे, सगळीच जमीन गरम आहे. ती म्हणाली, पेव काय अंडं हाये का? कायले उबवून राह्यले? जयवंता काय मागते, दोन शब्द. ते बोलाले काय जाते तुमचं?

मी जेवणावरून उठलो. तत्त्वाचा प्रश्न आहे. दिवा वाऱ्याने गेला होता. त्या दिवशी वारा होता.

वैशाख वद्य ४. दुपार.

स्वतः पाहायला गेलो. टेकाडावर कोणी नव्हते. फरशीवर हात ठेवला. तव्यासारखी होती. वाकलो तर खालून आवाज आला. ज्वारी बसते तेव्हा असा आवाज होतो, सगळ्यांना माहीत आहे.

पण ज्वारी बोलत नाही.

दोनच शब्द होते. मालक, दिवा?

कसा घरी आलो ठाऊक नाही. एक वहाण तिथेच राहिली.

वैशाख वद्य ८.

वहाण ओट्यावर सापडली. जयवंताने आणून ठेवली असे रुख्मिणी म्हणते. जयवंता म्हणते, मी नाही.

वैशाख वद्य ९.

लिहूनच टाकतो, म्हणजे डोक्यातून जाईल. हे पान नंतर फाडायचे आहे.

त्या दिवशी पेव उघडून दोन घटका झाल्या असतील. दिवसभर ठेवायला पाहिजे होते. पण व्यापाऱ्याच्या गाड्या येऊन उभ्या होत्या आणि बैल माझा कडबा खात होते. जयवंता बार्शीटाकळीच्या बाजाराला गेली होती. माझीच वांगी विकायला. तिची वाट पाहायची तर संध्याकाळ झाली असती. दोरी मी धरली.

दिवा दोन पुरुष खाली गेला आणि गेला. म्हणजे दिसेना.

चंद्रभान तोंडाच्या पलीकडे उभा राहून कमरेला दोर बांधत होता. त्याला आतले दिसत नव्हते. त्याने विचारले, मालक, दिवा? मी म्हणालो, वाऱ्याने गेला. तो हसला. गाडीवाल्यांकडे वळून ओरडला, घ्या, मालकाच्या पेवात बी वारा सुटला, साल चांगलं जाते आता! तेही हसले. आणि तो उतरला.

टोपली भरल्याची खूण म्हणून दोर हलवायचा असतो. हलला नाही. ओढला तेव्हा जड होता.

मी गाडीवाल्यांना सांगितले, पिऊन होता. मग पाटलाला सांगितले. एकदा सांगितल्यावर दुसऱ्यांदा जड गेले नाही.

पण वारा होता. कडेच्या बाभळीची पाने हलत होती, मी स्वतः पाहिली. बाभळीची पाने बारीक असतात. ती कशानेही हलतात.

पान फाडायला घेतले. मागच्या बाजूला वैशाख वद्य आठचा मजकूर आहे, तो जाईल. म्हणून ठेवले.

ज्येष्ठ शुद्ध ६.

बाबू परवा गाड्या घेऊन येतो. मृग तोंडावर. आज मला मार्ग सुचला आणि इतके दिवस कसा सुचला नाही याचे नवल वाटते.

मी स्वतः उतरणार.

कोणाची मिनतवारी नको. वजन माझे फार नाही, दोर टिकेल. बाबू सांगतो, विलायतेत मोठे शेठ कारखान्यात स्वतः हात काळे करतात. गाव पाहत राहील.

रुख्मिणीला सांगितले. घरची बाई म्हणजे दोरी तिने धरायची. वाटले, रडेल. तिने सुपातले खडे काढत ऐकून घेतले. म्हणाली, धरीन. पण इझला तं इझला म्हणीन, जळला तं जळला म्हणीन. तुमच्यासारखं हवापाणी सांगत नाही बसणार मी.

ज्येष्ठ शुद्ध ७.

पहिल्या पेवाची फरशी मीच पहारीने काढली. आंबट वाफ आली. डोके गरगरले. रीतीप्रमाणे उद्यापर्यंत उघडे ठेवले आहे. पाहा, मी रीत पाळतो.

तो टेकाडावर नाही. दिवसभरात तीनदा पाहिले.

ज्येष्ठ शुद्ध ८.

थोडक्यात लिहितो. हात दुखतो.

सकाळी बाबू गाड्या घेऊन हजर. गावही आले होते, बोलावले नव्हते तरी. पंजाबराव, वच्छला, शकुन, सगळे. जयवंता मागे उभी, पदर दातात. मी धोतर खोचले आणि कमरेला दोर बांधला. रुख्मिणीने दिवा लावून सोडला. आपल्या घाण्याचे तेल, नवी वात.

दोन पुरुष खाली गेला आणि रुख्मिणी म्हणाली, इझला.

दिवसभर उघडे ठेवूनही. बाबू गाडीवरून ओरडला, क्या देर है, फिरसे जलाओ. पुन्हा लावून सोडला. पुन्हा म्हणाली, इझला. मोठ्याने म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

माझ्या तोंडात शब्द आला. नऊ वर्षांची सवय. जिभेच्या टोकावर होता. मी आधी वर पाहिले. बाभळीचे एक पान हलत नव्हते. बैलांच्या अंगावरच्या माशासुद्धा जागच्या जागी होत्या.

मग समोर पाहिले. तोंडाच्या पलीकडे तो उभा होता. कमरेला दोर बांधत होता, माझ्यासारखीच गाठ मारत होता. पहिल्यांदाच चेहरा माझ्याकडे. रागावलेला नव्हता. नुसता विचारत होता, जसे तेव्हा विचारले होते तसे. मी वारा म्हणालो असतो तर तो पुन्हा हसून उतरला असता. पुन्हा. मला ते बघवले नसते.

मी म्हणालो, दिवा विझला होता.

रुख्मिणी म्हणाली, आजचा सांगता का?

मी म्हणालो, त्या दिवशीचा. वारा नव्हता. दोरी माझ्या हातात होती. चंद्रभानने घेतली नव्हती, कधीच घेतली नव्हती. मी बोललो ते खोटे होते.

मला वाटले, आता आभाळ पडेल. निदान कोणी तरी रडेल, पाटलाला बोलवेल. पंजाबराव तंबाखू मळत होता, तो मळत राहिला. जयवंता पुढे आली. वाटले, मारते. तिने माझ्या कमरेची गाठ सोडली, दोर काढून घेतला, नीट गुंडाळला. म्हणाली, उतरू नका, मराल. मग म्हणाली, साऱ्या गावाले माहीत होतं मालक. तुमाले माहीत हाये का नाही, तेवढंच पाहून राह्यली होती मी.

आणि तिने पलीकडे पाहिले, जिथे तो उभा होता तिथे. तिला दिसला की नाही विचारायचे राहिले. मी पाहिले तेव्हा तिथे नुसती पांढरी माती होती.

गाड्या रिकाम्या गेल्या. कंत्राट खानदेशला.

वारा: नाही.

ज्येष्ठ शुद्ध ११.

चौथ्या दिवशी दिवा ज्वारीपर्यंत जळत गेला. दोरी वच्छलाने धरली, पंजाबराव उतरला. कोणाला सांगावे लागले नाही.

पहिल्या पेवातली ज्वारी काळी, ढेप झालेली. बैलांपुढे टाकली, बैलांनी मान फिरवली. दुसरे अष्टमीलाच उघडले होते, त्यातही तेच, तळाशी थोडी बरी निघाली. गावातल्या बायकांनी ती घरोघर वाटून घेतली. मला विचारले नाही, मीही विचारले नाही. बाबूने त्या दिवशी जातानाच असल्या बुडीताला इंग्रजीत काय म्हणतात ते सांगितले. लॉस. हा शब्द होल्डच्या वेळीच सांगायला पाहिजे होता.

पुढच्या वर्षी भाजीचा विचार आहे. वांगी जमिनीच्या वर येतात.

दुपारी टेकाडाकडे पाहिले. कोणी बसलेले नव्हते. बराच वेळ पाहत राहिलो. राखायला काही उरले नाही म्हणून गेला असेल.

संध्याकाळी जोराचा वारा सुटला. अंगणातली सुपे उडाली, बाभूळ आडवी होत होती. रुख्मिणीने ओट्यावर दिवा ठेवला आणि आत गेली. मी शेजारी बसलो. ज्योत वाकली, जमिनीला टेकेल असे वाटले, पुन्हा उभी राहिली. मी हलत नव्हतो, श्वासही जपून घेत होतो. दिवा विझला नाही.

तेल आपल्याच घाण्याचे. ते चांगले आहे असे मी पहिल्यापासून म्हणत होतो.